वडिलांच्या यकृतातील ३.६ सें.मी.ची गाठ : शस्त्रक्रिया करावी की जाळून घ्यावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन ते आता सांगलीतच असतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरानंतर त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे कळवण्यात आले होते. परंतु अंगात काही त्रास नसल्याने घरात कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि औषध असे कधी सुरू झालेच नाही. अलीकडे मधुमेहाच्या तपासण्यांबरोबर पोटाची सोनोग्राफी झाली, तीत यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा वाढलेली आणि यकृताच्या उजव्या भागात एक गाठ असल्याचे दिसले. त्यानंतर केलेल्या ट्रिपल फेज सीटी स्कॅनच्या अहवालानुसार गाठ एकच असून ३.६ सेंटिमीटरची आहे, ती आठव्या खंडात उजव्या यकृत-शिरेजवळ आहे, मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरलेली नाही आणि यकृताबाहेर काही आढळलेले नाही. निदान यकृताच्या कर्करोगाचे, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचे आहे. रक्तात बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे मोजमाप) १.२, प्लेटलेट ८८ हजार आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणारे प्रथिन) २१० आहे. पोटात पाणी नाही, कावीळ नाही. वडील रोज सकाळी फिरायला जातात आणि घरची बाजारहाटही तेच करतात.

पुण्यातील एका शल्यविशारदांनी अहवाल पाहून सांगितले की, यकृताचे काम चांगले आहे, गाठ एकच आहे, तेव्हा तेवढा भाग कापून काढणे योग्य. मुंबईतील एका यकृतविकारतज्ज्ञांनी तेच अहवाल पाहून सांगितले की, प्लेटलेट कमी आणि प्लीहा मोठी असताना शस्त्रक्रिया जोखमीची ठरेल. त्यापेक्षा गाठ मायक्रोवेव्हने जाळावी, गरज वाटल्यास त्याआधी ‘टेस’ (गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणे) करावे आणि पुढेमागे प्रत्यारोपणाचाही विचार करावा. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही आम्हाला पुरेसा वेळ दिला, त्यामुळे कोणाला डावलावे हेच कळेनासे झाले आहे. घरात काकांचे म्हणणे असे की, कर्करोगाची गाठ पोटात ठेवून कसे चालेल, ती बाहेर काढलीच पाहिजे. भावाला वाटते की, या वयात आणि मधुमेह असताना पोट उघडायचेच कशाला. आई तर वडिलांसमोर हा विषयच काढू देत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे दुय्यम उपचारावर समाधान मानणे आहे का? त्याच कागदांवरून दोन तज्ज्ञांची मते इतकी वेगळी कशी होतात? आणि सुईने तुकडा काढून तपासलेलाच नसताना हा कर्करोगच आहे असे खात्रीने कसे सांगतात? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

जठरयकृत

मी पोटविकार विभागात बरीच वर्षे काम केले आहे. स्कॅनच्या फिल्म न पाहता आणि रुग्णाला न तपासता सल्ला देता येत नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. निरोगी यकृताला मिळणारे बहुतांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतून येते, तर या कर्करोगाच्या गाठीला ते मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळते. त्यामुळे कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळ दाखवणारे औषध, शिरेतून दिल्यावर पहिल्या, धमनीच्या टप्प्यात गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते आणि नंतरच्या टप्प्यांत तीच भोवतालापेक्षा काळसर दिसते. सिऱ्हॉसिस (जुन्या आजाराने यकृत कठीण, खडबडीत होणे) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हे दोन्ही बदल स्पष्ट दिसले, तर निदानासाठी तुकडा काढण्याची गरज राहत नाही. ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. उलट सुई घातल्याने रक्तस्रावाचा आणि क्वचित सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी पसरण्याचा धोका असतो. तेव्हा तुकडा न काढण्यात कोणी हयगय केलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या वडिलांना एक नव्हे तर दोन आजार आहेत, एक गाठ आणि दुसरा ती गाठ ज्यात उगवली ते सिऱ्हॉसिसचे यकृत. स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आजूबाजूचा अवयव बहुधा धडधाकट असतो, म्हणून तिथे ‘काढता येते ना, मग काढा’ हा विचार बराचसा चालतो. यकृतात तो तसाच्या तसा लावता येत नाही, कारण गाठीसोबत जेवढे यकृत जाईल तेवढ्याने उरलेल्या यकृतावरचा भार वाढतो आणि ते उरलेले यकृत आधीच थकलेले असते. म्हणून गाठ निघेल का, या प्रश्नाच्या जोडीला नेहमी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ती निघाल्यावर मागे काय उरेल आणि ते काम करील का?

त्यासाठी पहिले मोजमाप चाइल्ड-प्यू गुणांकाचे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातील पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. आपण दिलेल्या आकड्यांवरून वडिलांचे ५ गुण होतात, म्हणजे ते ‘अ’ गटात आणि त्या गटाच्याही चांगल्या टोकाला आहेत. पुण्याच्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया शक्य वाटली ती यामुळेच. परंतु हा गुणांक पोर्टल व्हेनमधील दाबाबद्दल थेट काही सांगत नाही. हा दाब वाढला की प्लीहा मोठी होते, प्लेटलेट तिच्यात अडकून रक्तातील संख्या घटते आणि अन्ननलिकेतील शिरा फुगतात. दाब बराच वाढलेला असताना यकृत कापले, तर शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही पुढच्या काही आठवड्यांत पोटात पाणी भरणे, कावीळ होणे आणि यकृत निकामी होणे हे धोके वाढतात. प्लेटलेट १ लाखाच्या खाली आणि सोबत मोठी प्लीहा, हे चिन्ह त्या दिशेचेच आहे. मुंबईच्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले, एवढाच दोन मतांमधला फरक असावा.

आपल्या मजकुरात एंडोस्कोपीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर आधी करून घ्यावी. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा दिसल्या तर दाब वाढल्याचे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. त्या दिसल्या नाहीत, तर मोठ्या केंद्रांत मानेतील शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन हा दाब प्रत्यक्ष मोजता येतो. तो साधारण पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत सामान्य मानतात आणि १० किंवा त्याहून अधिक असल्यास शस्त्रक्रियेबाबत सावध होतात.

आणि एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. हिपॅटायटिस बीवरचे औषध, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, सुरू झाले आहे का ते विचारा. गाठ कापली, जाळली किंवा आणखी काही केले तरी विषाणू तसाच राहिला तर यकृताची हानी चालूच राहते आणि नवी गाठ होण्याची शक्यताही वाढते.

निसर्गोपासक

इतक्या घाईने कापाकापी किंवा जाळपोळ करण्याआधी काही महिने गुळवेल, भुईआवळा यांचा काढा आणि पथ्य करून पाहण्यास काय हरकत आहे? आमच्या ओळखीत यकृताच्या तक्रारीवर याचा गुण आलेला आहे.

जठरयकृत

हरकत आहे. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला गंभीर इजा झालेल्या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आहे आणि आधीच सिऱ्हॉसिस असलेल्या यकृताला अशी इजा सोसण्याची ताकद कमी असते. शिवाय आज ३.६ सेंटिमीटर असलेली गाठ काही महिन्यांत ५ च्या पुढे गेली किंवा रक्तवाहिनीत शिरली, तर आज हातात असलेले बरेचसे पर्याय एकदम हातचे जातात. निर्णयासाठी दोन-तीन आठवडे घेणे ठीक आहे. काढा घेत काही महिने थांबणे ठीक नाही.

गोदातीर

ताई, मी डॉक्टर नाही. आमच्या आईच्या यकृतातील गाठ जाळण्याचा निर्णय आम्ही घेतला होता, म्हणून केवळ रुग्णाच्या घरच्यांना काय दिसते तेवढे लिहिते. तिची गाठ आपल्या वडिलांच्या गाठीपेक्षा लहान होती, हे आधी सांगायला हवे.

‘जाळणे’ हा शब्द ऐकून आई फार घाबरली होती. प्रत्यक्षात भूल देऊन, सोनोग्राफी आणि सीटीवर पाहत, बरगड्यांच्या मधून एक लांब सुई गाठीपर्यंत नेतात आणि तिच्या टोकाशी काही मिनिटे उष्णता निर्माण करतात. संध्याकाळी तिच्या उजव्या कुशीवर बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी होती आणि ती पट्टी दाखवून आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती की, एवढ्याशा भोकातून यांनी नक्की काही केले तरी का. दोन दिवस उजव्या खांद्यात कळा येत राहिल्या. खांदा का दुखावा हे आम्हाला कळेना, तेव्हा परिचारिकेने समजावले की, यकृताच्या वरचा पडदा दुखावला की कळ खांद्यात जाणवते. थोडा ताप आला, तो गोळ्यांनी उतरला आणि आई लवकर घरी आली.

हे सगळे सोपे गेले, मात्र खरी कसोटी त्यानंतर लागते आणि त्याची कल्पना आधी कोणी नीट देत नाही. महिन्याभराने पुन्हा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला, तो गाठीच्या कडेला जिवंत भाग राहिला आहे का हे पाहण्यासाठी. तो चांगला आला. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी होत राहिली आणि अशाच एका तपासणीत यकृताच्या दुसऱ्या बाजूला नवी लहान गाठ दिसली. पहिली जागा स्वच्छच होती. ‘म्हणजे आपण तेव्हा कापून घ्यायला हवे होते’ असे घरात सगळे म्हणू लागले, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट केले की, कापली असती तरी ही दुसरी गाठ टळली नसती, कारण ती जुन्या गाठीची उरलेली मुळी नसून त्याच आजारी यकृतातून उगवलेली नवी गाठ आहे. तीही जाळली. आईची तब्येत आता ठीक आहे, परंतु प्रत्येक स्कॅनच्या आधीचा आठवडा घरात कोणाला नीट झोप नसते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, कोणताही मार्ग घेतलात तरी ‘एकदाचे झाले’ असे गृहीत धरू नका. सांगलीहून पुण्याला किंवा मुंबईला दर तीन महिन्यांनी कोण घेऊन जाणार, हे भावाशी बोलून आत्ताच ठरवा. आणि सीटीचा केवळ छापील अहवाल जवळ ठेवू नका, सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी तीच हवी असते.

शल्यक

वरील चर्चा चांगली आहे. मात्र ती शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूला थोडी झुकते आहे असे मला वाटते. मी यकृताच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे वाचकांनी धरून चालावे.

सुईने जाळणे आणि कापणे यांची थेट तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत, ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असलेल्या १८० रुग्णांत दोन्ही उपचारांनंतरच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. २०१० सालच्या, चीनमधीलच दुसऱ्या एका चाचणीत २३० रुग्ण होते आणि तिच्यात शस्त्रक्रिया सरस ठरली. जपानमधील ‘सर्फ’ या अलीकडच्या चाचणीत पुन्हा दोन्ही उपचार तुल्यबळ दिसले, परंतु तिच्यात घेतलेल्या सर्व गाठी ३ सेंटिमीटरपर्यंतच्याच होत्या. त्यामुळे २ सेंटिमीटरच्या गाठीबद्दल ‘सुई आणि सुरी सारखीच’ असे मी स्वतःही रुग्णांना सांगतो, ३.६ सेंटिमीटरच्या गाठीबद्दल तसे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

याचे कारण हिशेबात आहे. गाठ जाळताना तिच्याभोवतीची किमान अर्धा सेंटिमीटर, शक्यतो एक सेंटिमीटर निरोगी कडाही जाळावी लागते. म्हणजे ३.६ च्या गाठीसाठी सर्व बाजूंनी मिळून ४.६ ते ५.६ सेंटिमीटर व्यासाचा गोल पूर्ण मरायला हवा. त्यात ही गाठ उजव्या यकृत-शिरेला लागून आहे. वाहत्या पाण्यात धरलेली सळई जशी तापत नाही, तसे त्या शिरेतले रक्त उष्णता वाहून नेते आणि शिरेकडच्या बाजूला कर्करोगाच्या पेशी जिवंत राहू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये ही अडचण रेडिओफ्रीक्वेन्सी या जाळण्याच्या दुसऱ्या पद्धतीपेक्षा कमी येते आणि आधी टेस करून गाठीचा रक्तपुरवठा तोडला तर आणखी कमी होते, हे मान्य. मुंबईच्या डॉक्टरांनी टेस सुचवले त्याचे कारणही बहुधा हेच असावे. तरीही ती अडचण पूर्णपणे जात नाही.

दुसरे असे की, कापलेला भाग पॅथॉलॉजीत जातो आणि गाठीच्या आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोग शिरला आहे का, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे. ती माहिती पुढच्या निर्णयांना, विशेषतः प्रत्यारोपण करायचे की नाही या निर्णयाला, फार उपयोगी पडते.

जठरयकृत यांनी दाबाबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण प्लेटलेटचा एक आकडा पाहून दार लावून घेऊ नये. किती यकृत काढायचे यावर बरेच काही अवलंबून असते. आठवा खंड घुमटासारखा वर, श्वासपटलाखाली असतो. काही शल्यविशारद तेवढाच खंड किंवा त्याचा काही भाग काढतात, काही पाचव्या-आठव्या खंडांचा अख्खा पट्टा काढतात, तर काही उजवा भागच काढायचा म्हणतात. सिऱ्हॉसिस असताना मागे किमान ४० टक्के यकृत राहायला हवे असे मानतात आणि वाढलेल्या दाबात उजवा भाग काढणे मी कधीही सुचवणार नाही. उलट मर्यादित भाग, तोही दुर्बिणीतून काढता येत असेल, तर पोटाच्या भिंतीतील शिरा कमी कापल्या जातात आणि नंतर पोटात पाणी भरण्याचे प्रमाणही कमी राहते. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना नेमके हे विचारा: आपण कोणता भाग काढणार, सीटीवर मोजून मागे किती टक्के यकृत उरेल, दुर्बिणीतून होईल का आणि अशा, म्हणजे सिऱ्हॉसिस असलेल्या रुग्णांच्या, शस्त्रक्रिया आपल्याकडे नियमित होतात का. उत्तरे मोघम आली तर तीही एक माहितीच आहे.

रुग्णमित्र

वैद्यकीय बाजू वर आलीच आहे. मी रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करण्याचे काम करतो. प्रत्यारोपणाचा उल्लेख प्रश्नात ओझरता आला आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

गाठही जाते आणि आजारी यकृतही जाते, असा हा एकमेव उपचार. १९९६ साली इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की, ५ सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असतील आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव नसेल, तर प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात होते. तोच ‘मिलान निकष’ आजही वापरतात आणि आपले वडील आज त्यात बसतात. ६६ वय म्हणजे दार बंद नव्हे, मात्र हृदय, मधुमेह, फुप्फुसे यांच्या तपासण्या कडक होतात.

अडचण यकृत मिळण्याची. मेंदुमृत दात्याकडून यकृत मिळवायचे तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नोंदणी करून प्रतीक्षायादीत थांबावे लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार समित्या राज्यात आहेत. थांबायचे असल्यास त्या काळात गाठ वाढू नये म्हणून टेस किंवा मायक्रोवेव्ह करतातच. प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. १९९४ चा कायदा आणि त्यातील २०११ ची दुरुस्ती यांनुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक. इतर कोणी दाता असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. दात्याचे यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते हे खरे, पण दात्यावरची शस्त्रक्रिया मोठी असते आणि तिच्यात जिवाला असलेला धोका थोडा असला तरी खरा असतो. आणि स्पष्टच लिहितो, अशा बैठकींत घरातल्या लेकीसुनांकडे आणि पत्नीकडे सगळ्यांच्या नजरा ज्या सहजतेने वळतात त्याची मला चीड येते. दात्याला नातेवाइकांना बाहेर ठेवून, एकट्याला भेटून ‘नाही’ म्हणण्याची मुभा द्यायला हवी. चांगली केंद्रे ती देतात.

खर्चाबद्दल: खासगी रुग्णालयात प्रत्यारोपणाचा खर्च साधारण २० लाखांच्या पुढेच जातो आणि नंतरची औषधे आयुष्यभराची असतात. शस्त्रक्रिया, मायक्रोवेव्ह किंवा टेस यांना त्या मानाने बरेच कमी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र डॉक्टरांनी सुचवलेला नेमका उपचार त्या रुग्णालयाच्या मंजूर यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला लेखी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. हे उत्पन्नाच्या दाखल्यावर ठरते, त्यामुळे कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला त्याचा लाभ मिळेलच असे नाही.

आणि दोन डॉक्टरांमध्ये निरोप्याचे काम आपण करू नका. शल्यविशारद, यकृतविकारतज्ज्ञ, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर पाहत सुई किंवा नळीने उपचार करणारे) आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून फिल्म पाहतात, ती ट्यूमर बोर्डाची बैठक जिथे नियमित होते अशा ठिकाणी प्रकरण न्या. परळचे टाटा रुग्णालय हे त्यांपैकी एक. तिथे जाणे लगेच जमणार नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे) यांच्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेमार्फत कागदपत्रे पाठवून लेखी मत मिळवता येते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांना आणि भावाला हा धागा वाचायला दिला. ‘मागे काय उरेल’ हा प्रश्न वाचल्यापासून काकांचा आग्रह बराच निवळला आहे.

झालेली प्रगती अशी. एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरा दिसल्या नाहीत, म्हणून मानेतून दाब मोजला, तो ११ आला. पुण्याच्या डॉक्टरांना शल्यक यांनी सुचवलेले प्रश्न विचारले असता ते म्हणाले की, गाठ शिरेच्या फार जवळ असल्याने पाचव्या-आठव्या खंडांचा पट्टा काढावा लागेल आणि ते दुर्बिणीतून करण्याची खात्री देता येणार नाही. ट्यूमर बोर्डाने आधी टेस, त्यानंतर काही आठवड्यांत मायक्रोवेव्ह आणि सोबतच प्रत्यारोपणासाठीची तपासणी असे सुचवले आहे. टेनोफोविर सुरू झाले. वडिलांना आम्ही अखेर सगळे समोर बसून सांगितले. त्यांना बरेच आधीच कळलेले होते.

दोन शंका राहिल्या. भावाने वाचले आहे की, आता इम्युनोथेरपीची इंजेक्शने निघाली आहेत. ती देऊन हे सारे टाळता येणार नाही का? आणि शल्यक, ११ हा आकडा पाहून आपले मत काय?

शल्यक

दुर्बिणीतून लहानसा भाग काढणे शक्य असते, तर ११ असतानाही मी शस्त्रक्रियेचा पर्याय बोर्डासमोर मांडला असता, कारण १० ही रेषा म्हणजे भिंत नव्हे. परंतु दोन खंडांचा पट्टा, पोट उघडून आणि दाब ११, हे तिन्ही एकत्र आले तर मीही थांबेन. एक विनंती: मायक्रोवेव्हनंतरच्या पहिल्या सीटीत शिरेकडची कड रेडिओलॉजिस्टला आवर्जून पाहायला सांगा. तिथे काही उरलेले दिसले तर पुन्हा सुई घालता येते किंवा नेमक्या मोजमापाने दिलेल्या रेडिएशनचाही, म्हणजे एसबीआरटीचा, विचार होऊ शकतो.

जठरयकृत

भावाच्या प्रश्नाबद्दल: इम्युनोथेरपीतील अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीचे निष्कर्ष २०२० साली आले आणि पुढे गेलेल्या आजारात, म्हणजे गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली किंवा यकृताबाहेर पसरलेली असताना, तिने आधीच्या सोराफेनिब या औषधापेक्षा चांगले काम केले. आपल्या वडिलांचा आजार त्या टप्प्यावर नाही. त्यांच्या गाठीवर ती समूळ नष्ट करण्याच्या हेतूने उपचार करता येतात आणि तसे करता येत असताना इंजेक्शनांवर विसंबणे योग्य नाही. गाठ काढल्यावर किंवा जाळल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून हीच जोडी देऊन पाहिली गेली. २०२३ मध्ये सुरुवातीला फायदा दिसला, पुढच्या पाठपुराव्यात तो टिकला नाही. तेव्हा पैसे पुढच्या स्कॅनसाठी राखून ठेवा.

टेसनंतर ताप, उजवीकडे पोटात दुखणे आणि मळमळ हे काही दिवस अपेक्षित आहे. झोपेची वेळ उलटसुलट होणे, बोलण्यात गोंधळ, काळी शौच किंवा वाढणारी कावीळ यांपैकी काही दिसले तर मात्र फोनवर न विचारता थेट दाखल करा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी ते सांगा.

आणखी एक गोष्ट धाग्यात राहून गेली. हिपॅटायटिस बी घरात पसरू शकतो, आईकडून बाळाला जन्माच्या वेळी तर फारच सहज. त्यामुळे आपली आई, आपण, भाऊ, काका आणि वडिलांची इतर भावंडे या सर्वांनी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांनी ती घ्यावी. ज्यांची पॉझिटिव्ह येईल त्यांनी त्रास नसला तरी यकृतविकारतज्ज्ञांना दाखवून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी की नाही हे ठरवून घ्यावे. काकांचे वय पाहता त्यांची तपासणी याच आठवड्यात व्हावी.

कृष्णाकाठ

काकांना उद्याच प्रयोगशाळेत नेते. वडिलांना मेटफॉर्मिन चालू आहे, ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. टेस झाल्यावर इथेच कळवेन.